तक्रार : औषध घेतले

पाऊस उघडला, चार दिवस कडक ऊन पडलं, की आमच्या मागच्या खिडकीतून तो वास यायला लागतो. आमचं घर यवतमाळच्या अगदी टोकाला. आमची भिंत संपते तिथे दुसऱ्या कुणाची तरी कपाशी सुरू होते. सकाळी वारा पडलेला असतो तेव्हा तिकडून पंपाचा फुस्स-फुस्स आवाज येतो आणि मागोमाग वास. कुजलेला लसूण, त्यात थोडं रॉकेल, आणि अगदी शेवटी घशाच्या मागे काहीतरी गोडसर. माझी बायको संगीता खिडकी लावून घेते. मुलगी मनू दप्तर भरता भरता म्हणते, "आता बाबा दवाखान्याची गोष्ट सांगतील."

आणि मी सांगतो. दरवर्षी सांगतो. घरच्यांना ती पाठ आहे. कुठे हसायचं ते त्यांना माहीत आहे, माझा आवाज कुठे चढतो तेही माहीत आहे. आवाज चढला की संगीता माझ्या हातातला कप काढून घेते, कारण मी हातवारे करतो आणि चहा भिंतीवर जातो. गेल्या वर्षी गेलाच होता.

गोष्ट आमच्या कॉलेजच्या दवाखान्याची. मी शेतकी कॉलेजात शिकलो. शेतीशी माझा संबंध काय होता, तर भाजी निवडणे. पुसदला आमच्या घरात तीन पिढ्या कचेरीतल्या. आजोबा कारकून, बाबा हेडक्लार्क, काका कोर्टात. मला मार्क कमी पडले म्हणून शेतकीला गेलो, आणि पुढे मास्तर झालो, हे मी मनूला सांगत नाही. तिला सांगतो की मला मातीची ओढ होती.

कॉलेज गावापासून लांब, चारी बाजूंना प्रयोगाचे प्लॉट, मधोमध वसतिगृह, आणि वसतिगृहाच्या मागे, जुन्या बियाण्यांच्या गोदामाला लागून, एक खोली. तिच्या दारावर लाल अक्षरांत 'आरोग्य केंद्र' लिहिलेलं होतं. आत एक लोखंडी पलंग, एक वजनकाटा, एक कपाट आणि वानखडे काका. काका कंपाउंडर होते. डॉक्टर गावातून यायचे, अकरा ते एक. म्हणजे पाटीवर अकरा ते एक. येण्याची वेळ पावणेबारा आणि जाण्याची वेळ साडेबारा. विद्यार्थ्यांनी त्या पाऊण तासात आजारी पडावं अशी व्यवस्था होती. त्या पाऊण तासात आमची प्रॅक्टिकलं असायची. प्रॅक्टिकल बुडालं तर आजारपणाचं सर्टिफिकेट लागायचं, ते फक्त याच दवाखान्याचं चालायचं, आणि ते आणायला गेलं की पुढचं प्रॅक्टिकल बुडायचं. हे ज्याने ठरवलं त्याला एकदा डोळे भरून पाहावं अशी माझी फार इच्छा होती.

काकांच्या टेबलावर एक मोठं रजिस्टर असायचं. रकाने पाच. अनुक्रमांक, नाव, खोली क्रमांक, तक्रार, दिले. 'तक्रार' म्हणजे ताप, खोकला, जुलाब. दवाखान्याविषयीच तक्रार असेल तर तिला रकाना नव्हता. काका मान वर न करता एकच प्रश्न विचारायचे, "वरतं का खालतं?" म्हणजे दुखणं बेंबीच्या वर की खाली. वरतं असलं तर पांढरी गोळी, खालतं असलं तर पिवळी. आमच्या वर्गातल्या एकाचा पाय मुरगळला होता. त्याने प्रामाणिकपणे "खालतं" म्हटलं आणि तीन दिवस जुलाबाची गोळी खाल्ली. चौथ्या दिवशी पाय बरा झाला, म्हणून काका त्याचं उदाहरण सगळ्यांना द्यायचे.

आणि मुली? मुलींचं आठवलं की मला अजून राग येतो. काकांचा आवाज मोठा. रांगेत वीस पोरं उभी, आणि काका मुलीला सगळ्यांसमोर विचारणार, "काय होऊन राह्यलं? केव्हापासून?" बाईमाणूस कुणी नाही, पडदा नाही. त्यामुळे आमच्या कॉलेजातल्या सगळ्या मुलींचं तीन वर्षं फक्त डोकं दुखत होतं. रजिस्टर काढून बघा, मुलींच्या नावापुढे दुसरी तक्रारच सापडणार नाही. एखाद्या पाहुण्या साहेबाने ते पाहून भाषणात म्हटलं असतं की मुली अभ्यास फार करतात.

माझं मात्र तिथे उत्तम चाललं होतं. मी जन्मजात रोगी. रोग कोणताच नाही, पण रोगी. वर्तमानपत्रात ज्या आजाराविषयी छापून येईल तो मला संध्याकाळपर्यंत व्हायचा. काकांनी शेवटी शेवटी मला विचारणं सोडून दिलं होतं. मी दारात दिसलो की ते लिहायला लागायचे. तक्रार : नेहमीची. दिले : नेहमीचे. माझ्या ट्रंकेत पित्ताच्या गोळ्यांची पट्टी कायम असायची आणि मी त्या उदार मनाने वाटायचो. माझ्या शुद्ध मराठीमुळे आणि या औषधज्ञानामुळे खोलीत मला 'पंडित' म्हणायचे. म्हणजे 'पंडत'.

हे नाव ठेवलं प्रफुलने. प्रफुल माझा खोलीतला जोडीदार, राळेगाव तालुक्यातला. अंगाने काटक, बोलायला फटकळ, आणि वर्गात पहिल्या तिघांत. मी 'कपाशीचे व्यवस्थापन' पुस्तकातून पाठ करायचो आणि तो माझ्याकडे दया आल्यासारखा पाहायचा. "पंडत, तू कपाशी पाह्यली का बे कधी? का फक्त गादीतच पाह्यली?"

आता इथे एक शब्द सांगायला हवा, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या जिल्ह्यात औषध म्हणजे आधी कपाशीचं. माणसाच्या औषधाला गोळी म्हणतात, नाहीतर सुई. 'औषध मारलं' म्हणजे फवारलं. 'औषध लागलं' म्हणजे फवारताना ते अंगाला बाधलं, डोळे जळले, मळमळलं. हे दर हंगामात कुणाला ना कुणाला व्हायचं आणि लिंबू चोखून, अंघोळ करून, झाडाखाली पडून लोक ते निभावायचे. आणि 'औषध घेतलं' याचा अर्थ तिसरा. तो शब्द लोक आवाज खाली आणून बोलायचे, आणि कापसाच्या त्या वर्षांत तो फार वेळा बोलला जात होता. वसतिगृहात पेपर आला की पोरं पहिलं पान उलटं ठेवायची. कोणाचं गाव छापून आलं असेल सांगता येत नसे.

त्या आश्विनात, एका सोमवारी सकाळी, प्रफुल गावाहून पहिल्या एसटीने आला. शनिवार-रविवार त्याने घरच्या कपाशीवर फवारणी केली होती. अळी पडली होती, मजूर मिळत नव्हते, कपाशी छातीला लागत होती आणि दुपारी वारा उलटा फिरला होता. हे सगळं त्याने मला नंतर सांगितलं. तेव्हा तो फक्त दारात उभा राहिला आणि म्हणाला, "पंडत, मले गरगरून राह्यलं बे."

घामाने शर्ट चिकटलेला. तोंडाला पाणी सुटत होतं, सारखा थुंकत होता. मी नाडी पाहिली. मला नाडी कळत नाही, पण पाहायची सवय होती. आणि निदान केलं : पित्त. रिकाम्या पोटी एसटीचा प्रवास, दुसरं काय? ट्रंक उघडली, गोळी दिली. त्याने निमूटपणे घेतली. प्रफुलने माझी गोळी निमूटपणे घेतली तिथेच मला कळायला हवं होतं की प्रकरण साधं नाही.

अर्ध्या तासात उलट्या सुरू झाल्या. म्हणाला, "डोयापुढं धुकं धुकं दिसून राह्यलं." त्याला धरून दवाखान्यात नेलं. साडेनऊ वाजले होते. काकांनी मान वर केली नाही.

"वरतं का खालतं?"

"काका, त्याच्याकडे बघा तरी!"

"डॉक्टर अकराले येते. बसा तिकडं. ही पांढरी घे तवरक."

आम्ही बसलो. पलंगावर बसू दिलं नाही, कारण चादर धुवून आली होती आणि डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय ती मळवायची नाही असा नियम होता. जमिनीवर बसलो. प्रफुलचं डोकं माझ्या खांद्यावर, त्याची लाळ माझ्या बाहीवर. अकरा वाजले. सव्वाअकरा. मी तीनदा उठून सांगितलं, तीनदा काका म्हणाले, "येऊनच राह्यले." ते दोन तास मला आजही मोजून दाखवता येतात. मनूला सांगताना मी इथे उभा राहतो.

डॉक्टर पावणेबाराला आले. तरुण होते, पश्चिम महाराष्ट्रातले, आमच्या जिल्ह्यात येऊन त्यांना सहा महिनेही झाले नव्हते. पण हुशार. त्यांनी प्रफुलच्या डोळ्यांत बॅटरी मारली, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. शर्टाचा वास घेतला, आणि त्यांचा चेहराच बदलला.

"काय झालं? काय घेतलंस तू?"

प्रफुलची जीभ जड झाली होती. तो म्हणाला, "औषध... लागलं सर."

"औषध घेतलं?" डॉक्टर माझ्याकडे वळले. "याने औषध घेतलं?"

आणि मी, पुसदच्या हेडक्लार्कचा शुद्ध बोलणारा मुलगा, स्पष्ट आवाजात म्हणालो, "हो सर. मीच दिलं."

डॉक्टर माझ्याकडे जे बघायला लागले! घरी सगळे हसतात ते इथे. मनूच्या मैत्रिणीही हसतात. मीही चेहरा करून दाखवतो, डॉक्टरांचा आणि माझा. "तू दिलंस?" "हो सर, सकाळी. एकच." "एकच काय?" "एकच गोळी, सर. पित्ताची." पण तोपर्यंत डॉक्टर उठले होते, आणि काकांनी रजिस्टर पुढे ओढून सुंदर अक्षरात लिहिलं होतं. तक्रार : औषध घेतले.

कॉलेजची जीप कुणा पाहुण्यांना आणायला गेली होती. डॉक्टरांनी प्रफुलला स्वतःच्या मोटारीत घातलं आणि मोठ्या सरकारी दवाखान्यात पोचवलं. तिथे दारातच एक वयस्क सिस्टर होती, आपल्याच भागातली. तिने त्याच्या मानेवरचे डाग पाहिले, हाताच्या बोटांचा वास घेतला आणि विचारलं, "फवारा लागला का रे बाबू?" प्रफुलने मान हलवली. झालं. एका वाक्यात झालं. तिने त्याचा शर्ट काढून फेकला, साबणाच्या पाण्याने अंग पुसायला घेतलं, सुया सुरू केल्या. पोलीस जबाब घ्यायला आला, त्यालाही तिनेच परतवलं, "फवाऱ्याची केस हाय ती, दुसरं काही नाई." चार दिवसांनी प्रफुल बरा होऊन निघाला तेव्हा त्याच्या कार्डावर स्वच्छ लिहिलं होतं की कीटकनाशक फवारणीतून बाधा.

कुणालाही वाटेल की विषय इथे संपला. मलाही वाटलं. मी तर खोलीत त्याची गादी झटकून ठेवली होती.

शुक्रवारी रेक्टरांचं बोलावणं आलं. प्रफुलला, त्याच्या बाबांना आणि साक्षीदार म्हणून मला. प्रफुलचे बाबा, नामदेवराव, गावाहून आले होते. पांढरा पायजमा, इस्त्रीचा शर्ट, खिशाला चष्मा. माळकरी, कमी बोलणारे. रेक्टरांनी त्यांना बसायला सांगितलं आणि एक छापील कागद पुढे सरकवला. हमीपत्र. 'माझ्या पाल्याने केलेल्या कृत्याची पुनरावृत्ती होणार नाही याची मी हमी देतो.' खाली सही.

"ही सही करा म्हणजे याला वसतिगृहात राहता येईल. नाहीतर खोली सोडावी लागेल. नियम आहे."

परीक्षा तीन आठवड्यांवर होती. प्रफुलच्या गावाहून कॉलेजात यायला दोन एसट्या बदलाव्या लागत, आणि पहिली एसटी कधी येईल ते तिलाच ठाऊक. परीक्षेचं प्रॅक्टिकल सकाळी आठला. खोली गेली म्हणजे वर्ष गेलं, हे त्या खोलीतल्या चौघांनाही कळत होतं.

नामदेवरावांनी चष्मा लावला. अक्षराखाली बोट ठेवून सगळं वाचलं. मग विचारलं, "कृत्य म्हंजे काय सायेब?"

"म्हणजे... त्याने जे केलं ते."

"त्यानं काय केलं?"

रेक्टर माझ्याकडे पाहून खाकरले. "हे बघा, रजिस्टरला 'औषध घेतले' असं आहे."

"मोठ्या दवाखान्याचं कार्ड हाय न त्याच्याजोळ. त्याच्यात लिवलं हाय."

"ते बाहेरचं झालं. आमच्या नोंदीत जे आहे त्यावर आम्हाला चालावं लागतं. आणि तुम्हीही समजून घ्या. दिवस कसे आहेत! उद्या काही बरंवाईट झालं, पेपरात कॉलेजचं नाव आलं..."

म्हणजे पोरगा जिवंत समोर उभा आहे, त्याच्या हातात कार्ड आहे, आणि यांना काळजी कशाची, तर नावाची! चार दिवसांत त्यांच्यापैकी एकानेही त्याला 'आता बरं वाटतं का' म्हणून विचारलं नव्हतं. डॉक्टर अकराला का येत नाहीत हे कुणी काकांना विचारलं नव्हतं. चादर मळेल म्हणून दोन तास जमिनीवर बसवलेल्या पोराला विचारत होते की तू कृत्य का केलंस!

नामदेवरावांनी कागदावरचं बोट उचललं. मग म्हणाले, "फवारा माराले म्या सांगतलं होतं. सुट्टी नव्हती तरी बलावलं. वारा फिरला तवा बंद कर म्हणाले पायजे होतं, ते बी म्या म्हटलं नाई. कृत्य असंन तं माहं हाय, सायेब. माहं लिवा."

आणि त्यांनी तो कागद उलटा केला. प्रफुलकडून पेन घेतलं. एकेक अक्षर दाबून, चौथीत शिकलेल्या वळणाने, कोऱ्या बाजूवर लिहिलं, 'मी माझ्या मुलाला परत कधीही फवारणीले पाठवणार नाही.' खाली पूर्ण नाव, मुक्काम, पोस्ट. कागद रेक्टरांकडे सरकवला.

"घ्या. ही हमी देतो."

मी आयुष्यात पुष्कळ अर्ज, निवेदनं, ठराव वाचले आहेत. आमच्या घरात तर त्यांचंच पीठ मळलं जायचं. त्या एका ओळीच्या जवळ जाईल असं काही मी वाचलेलं नाही. रेक्टरांनी ती वाचली आणि म्हणाले, "हे नमुन्यात बसत नाही."

नमुन्यात बसत नाही! संगीता कप काढून घेते तो इथे.

नामदेवरावांनी सही केली नाही. पोराने जे केलंच नाही ते पुन्हा करणार नाही असं ते कसं लिहून देणार? उठले, नमस्कार केला, बाहेर गेले. मग रेक्टर माझ्याकडे वळले. त्यांना एक वाट सुचली होती. "डॉक्टरांना तूच सांगितलंस ना? मग तू लेखी दे, की मी डॉक्टरांना खोटी माहिती दिली. त्यावर नोंद दुरुस्त करता येईल. तुझ्यावर थोडी कारवाई होईल, पण याची खोली राहील. उद्या दुपारपर्यंत."

बाहेर व्हरांड्यात प्रफुल उभा होता. मी त्याला सांगितलं. त्याने विचारलं, "देशीन?" मी म्हणालो, "म्हणजे काय! देणारच."

घरी मी गोष्ट इथपर्यंत सांगतो. मग म्हणतो, "पण त्या लोकांनी ऐकलं नाही," आणि दप्तराची, डब्याची, रिक्षाची गडबड सुरू होते. यंदा मात्र गोष्ट तिथे थांबली नाही, कारण गेल्या रविवारी सांगताना प्रफुल समोर बसला होता.

तो दरवर्षी या दिवसांत सीताफळं घेऊन येतो. गावाकडे शेती करतो. केस माझ्यापेक्षा जास्त आहेत, हा एक अन्याय. मनूने त्याच्यासमोर मला चावी दिली, "काका, बाबा तुमची गोष्ट किती चिडून सांगतात माहीत आहे?" मग मी सुरू झालो. पाटी, रकाने, चादर, दोन तास. प्रफुल पोहे खात ऐकत होता. 'मीच दिलं' ला तोही हसला, घास अडकेपर्यंत. मी डॉक्टरांवर आलो, रेक्टरांवर आलो, आवाज चढला, उभा राहिलो.

"बस न बे खाली," प्रफुल म्हणाला. "त्या डॉक्टरले कायले शिव्या देतं? त्यानं तं मले सोताच्या मोटारीत घातलं. सीट खराब केली म्या त्याची. आन् रेक्टर तं रेक्टरच होता, त्याच्याकून का अपेक्षा करतं? तू पुढचं सांग न पोरीले. शनिवारी कुठी होता तू?"

मनूने माझ्याकडे पाहिलं. संगीतानेही पाहिलं, कप तिच्याच हातात होता.

मी पुसदला होतो. शुक्रवारी दुपारी एसटीडी बूथवरून बाबांना फोन लावला. बाबा म्हणाले, "हा फोनवर बोलायचा विषय नाही. घरी ये." गेलो. बाबांनी सगळं ऐकून घेतलं, पान लावलं, आणि आमच्या घराण्याने तीन पिढ्या नोकरीत जे सांभाळलं ते मला सांगितलं. "तोंडी काय वाटेल ते बोल. लेखी काही देऊ नकोस." मी म्हणालो, प्रफुलची खोली जाईल. बाबा म्हणाले, "त्याचा मार्ग निघेल. तुझ्या नावावर डाग पडला तर निघणार नाही." बाबा वाईट नव्हते. माझ्यासाठी बोलत होते. शनिवारी सकाळी मी पिशवी भरली होती, आणि मग मला पित्त झालं. हे मी विनोदाने सांगत नाही. खरंच झालं. आईने मऊ भात केला. शनिवारची दुपार मी पुसदला, भिंतीकडे तोंड करून, अंथरुणात काढली.

संध्याकाळी उठलो आणि अर्ज लिहिला. रविवारी पहिल्या एसटीने निघालो. खोलीवर पोचलो तेव्हा प्रफुलच्या बाजूची खाट उघडी होती. गादी नाही, ट्रंक नाही. खिळ्याला शर्ट नाही. रेक्टरांच्या घरी गेलो, ते म्हणाले, "आता कशाला? तो विषय बंद झाला."

प्रफुल परीक्षेला गावाहून येत होता. दोन एसट्या बदलून. चार पेपर झाले, तीन प्रॅक्टिकलं झाली, चौथ्याला राळेगावची गाडी आलीच नाही. वर्ष गेलं. तो पुढच्या वर्षी पास झाला, चांगला झाला, पण तोपर्यंत ज्या जागांसाठी आम्ही मिळून अभ्यास केला होता त्या भरून गेल्या होत्या. आणखी बऱ्याच वर्षांनी, एका हंगामात आमच्या जिल्ह्यात फवारणीने माणसं एवढी आजारी पडली की बाहेरचे लोक आले, टीव्हीवाले आले, आणि 'औषध लागणे' काय असतं ते सगळ्यांना कळलं. तेव्हा मी टीव्हीसमोर बसून नुसता ओरडत होतो. कुणावर, ते मी घरात कुणाला सांगितलं नाही.

हे सगळं मी मनूला सांगितलं, बसून, हळू आवाजात. ती सीताफळाच्या बिया ताटलीत एका ओळीत लावत राहिली.

प्रफुलने विचारलं, "अर्ज लिवला होता म्हणतं. हाय का तो?"

आहे. आमच्या घरात कागद फेकत नाहीत. बाबांच्या जुन्या पत्र्याच्या पेटीत, माझ्या गुणपत्रिकांच्या खाली, चौघडी केलेला. मी काढून आणला. कडा पिवळ्या पडल्या होत्या, अक्षर मात्र सुंदर. प्रफुलने चष्मा लावला आणि अक्षराखाली बोट ठेवून, अगदी आपल्या बाबांसारखा, तो वाचायला लागला. 'सविनय निवेदन की, दिनांक अमुक रोजी मी वैद्यकीय अधिकाऱ्यांना खोटी माहिती दिली...' तिथे तो थांबला.

"हे तं खोटं हाय बे. तू तं खरंच सांगतलं होतं. गोळी देल्लीच होती न तू."

"त्यांना तसंच लिहून हवं होतं," मी म्हणालो. माझा आवाज पुन्हा चढायला लागला होता. "म्हणजे बघ ना, तुझ्या बाबांनी खरं लिहिलं ते नमुन्यात बसेना, आणि माझं खोटं..."

"हो ना," प्रफुल म्हणाला. त्याने कागद पुन्हा चौघडी केला, दुमडल्या रेघांवरच. "खोटंच हाय. पण एक दिवस आंधी देल्लं असतं, तं चाललं असतं मले."

त्याने कागद शर्टाच्या खिशात ठेवला. मी परत मागितला नाही.